संगणकातील अदृश्य केबल आणि तिचे घड्याळ

गाण्याचा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांना एक अडचण चांगली ठाऊक असते. तानपुऱ्याचे ॲप लावून माइकसमोर बसले, तरी पलीकडच्या विद्यार्थ्याला तानपुरा मधूनमधून बुडाल्यासारखा ऐकू येतो, कारण गोंगाट गाळणारी यंत्रणा त्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजून कापते. ही गाळणी बंद करावी लागतेच. पण खोलीतले प्रतिध्वनी टाळायचे, तर तानपुरा संगणकाच्या आतूनच पाठवणे उत्तम. त्यासाठी आभासी ऑडिओ केबल वापरतात.

हे सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्यक्षात नसलेले साउंड कार्ड. एक प्रोग्रॅम त्याला स्पीकर समजून आवाज मेमरीत लिहितो, दुसरा त्यालाच माइक समजून तो वाचून घेतो. विंडोजवर व्हीबी-केबल आणि व्हॉइसमीटर, मॅकवर मुक्तस्रोत ब्लॅकहोल किंवा विकत मिळणारे लूपबॅक, तर लिनक्सवर जॅक आणि पाइपवायर ही नावे प्रचलित आहेत. ती मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवावीत, कारण असे सॉफ्टवेअर संगणकाच्या आवाज-यंत्रणेशी थेट जोडले जाते.

निवड करताना बहुतेकजण किती वाहिन्या आणि किती बटणे आहेत ते पाहतात. माझ्या मते आधी पाहायला हवे ते घड्याळ. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला बहुधा 48,000 नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे), आणि ते मोजून देतो साउंड कार्डातील क्वार्ट्‌झचा स्फटिक. कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत अवघा 50 एवढा फरक असला, तरी दर सेकंदाला 2.4 नमुने कमी किंवा जास्त पडतात, आणि बफरमधील, म्हणजे आवाज तात्पुरता साठवणाऱ्या जागेतील, 1,024 नमुन्यांची शिल्लक सुमारे सात मिनिटांत संपते. त्या क्षणी ‘टक्’ असा आवाज होतो. आभासी केबलला तर स्वतःचा स्फटिकच नसतो; ती संगणकाच्या वेळेवर चालते. म्हणून मॅकवर अनेक उपकरणे एकत्र जोडताना खऱ्या साउंड कार्डाला मुख्य घड्याळ नेमून आभासी केबलसाठी ‘ड्रिफ्ट करेक्शन’ ही घड्याळांतला फरक भरून काढणारी सोय चालू ठेवतात.

बफर मोठा केला की खरखर कमी होते, पण आवाज उशिरा पोहोचतो. 256 नमुन्यांचा बफर सुमारे 5.3 मिलिसेकंद घेतो. बोलण्याला ते चालते, तबल्याच्या साथीत मात्र असे अनेक टप्पे साठत गेले की हात अडखळतो.

दुसरी गफलत नमुनादराची, म्हणजे सेकंदाला किती नमुने याची. 44,100 चा आवाज रूपांतर न होता 48,000 ने वाजला, तर तो जवळजवळ दीड अर्धस्वराने वर चढतो: काळी एकचा तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो. म्हणून सगळीकडे एकच दर ठेवावा.

पाच मिनिटांची चाचणी फसवी ठरते. 1,000 हर्ट्‌झचा सलग सूर तासभर केबलमधून पाठवून दुसऱ्या टोकाला ध्वनिमुद्रित करावा आणि तरंगाची रेषा कुठे तुटली आहे का ते पाहावे. माझ्या एका जोडणीत सूर सहा मिनिटे निर्मळ होता, मग टिचकी आली, आणि पुढे साधारण तेवढ्याच अंतराने येत राहिली. मुख्य घड्याळ साउंड कार्डाकडे दिल्यावर तासभर एकही आली नाही.