पार्श्वभूमी : कोकणातल्या महाविद्यालयांत ‘उद्योजकता’ आली कुठून

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम मुंबईत ठरतो, परीक्षेच्या तारखाही तिथूनच येतात. काजू बी फेब्रुवारीपासून मेपर्यंत येते, हापूस मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आणि कोकम एप्रिल-मेत, पहिल्या पावसाच्या आत काढून घ्यावं लागतं. विद्यार्थी तेव्हा परीक्षेत असतात, नाहीतर सुट्टीवर. उद्योजकतेचा पहिला तास जून-जुलैत होतो. तोवर बागा रिकाम्या झालेल्या असतात आणि कॅनिंगच्या, म्हणजे आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या, भट्ट्या थंडावलेल्या. हा विषय कोकणात ज्या ज्या वाटेने आला, त्यांतल्या एखादीचाच इथल्या हंगामाशी संबंध होता. बाकीच्या वाटा कुठून निघाल्या हे पाहिलं की आजच्या तासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधीची स्थिती थोडक्यात. घरातला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत, आणि गावचं घर मनीऑर्डरीवर. रत्नागिरीत १९४५ साली महाविद्यालय सुरू झालं तरी पदवीचा उपयोग नोकरीसाठी हेच गृहीत होतं आणि त्यात चूक काही नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे अनेक घरांचा मुंबईचा आधार कायमचा तुटला. चाकरमान्यांची रीत मात्र टिकली. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. म्हणजे गावातली बाग आणि कलमं ज्यांच्या हातात, त्या बऱ्याचदा बायका. उद्योजकतेच्या शिबिरांत समोर बसवलेले मात्र प्रामुख्याने बेरोजगार तरुण मुलगे.

शिबिराचा तो साचा आंध्रातून आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ मध्ये काकिनाडा गावातले पन्नासच्या आसपास व्यापारी आणि छोटे कारखानदार निवडले आणि हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत त्यांना सुमारे दहा-दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. कर्तृत्वाची ओढ माणसात वाढवता येते, असा त्यांचा दावा होता. ठरावीक अंतरावरून खुंटीवर रिंग फेकायची, डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, आधी स्वतःचं लक्ष्य सांगायचं आणि मग ते गाठायचं, हे खेळ त्याच परंपरेतले. अगदी जवळून फेकणारा धोका टाळतो, फार लांबून फेकणारा नशिबावर सोडतो, आणि मधलं अंतर निवडणारा अंदाज घेऊन जोखीम पत्करतो, असा त्याचा अर्थ लावायचा. हे खेळ आजही कोकणातल्या कॉलेजांच्या सभागृहांत खेळले जातात. विसरलं जातं ते एवढंच की काकिनाड्यातले लोक आधीपासून धंद्यात होते. खेळातून उमगलेलं दुसऱ्या दिवशी दुकानात वापरून पाहण्याची सोय त्यांना होती. एकोणीस वर्षांच्या मुलाला ती नसते, म्हणून शिबिराचा उत्साह घरी पोचेपर्यंत ओसरतो. ह्यात मुलाचा दोष काढणं सोपं आहे, पण खोट साच्यातच आहे.

दुसरा धागा गुजरातचा. तिथे १९६९ मध्ये तंत्रज्ञ तरुणांना तारणाशिवाय कर्ज देण्याची योजना निघाली. नुसत्या पैशाने उद्योजक तयार होत नाहीत असं दिसल्यावर १९७० पासून सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. त्यात उमेदवाराची निवड, प्रेरणा, बाजार पाहणी, प्रकल्प अहवाल आणि शेवटी कर्ज असा क्रम होता. त्यातूनच १९८३ मध्ये अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात १९८८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालं. जिल्ह्याजिल्ह्यांतले बहुतेक परिचयवर्ग त्याच केंद्राच्या घडणीचे. गुजरातच्या वर्गात कस लागे तो निवडीचा. कॉलेजात आल्यावर तोच टप्पा गळला, कारण वर्गात नाव आहे त्याला बसवावंच लागतं.

या दोन धाग्यांना कोकणात गाठ बसली ती सरकारी कर्जयोजनांची, आणि शिकवण्यावर सर्वांत खोल ठसा तिचाच आहे. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रं आली. १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी २५ हजारांपर्यंत कर्ज देणारी केंद्राची योजना आली. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली. पुढे तिची मर्यादा अशी ठरली : व्यवसायाला एक लाख, उद्योगाला दोन लाख, अनुदान १५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त साडेसात हजार. तिच्यात प्रशिक्षण कर्जमंजुरीनंतर होतं, उद्योगासाठी १५ ते २० दिवस आणि सेवा-व्यवसायासाठी ७ ते १०. म्हणजे काय करायचं ते कागदावर ठरून गेल्यावर शिकायचं. २००८ मध्ये ही योजना आणि खादी आयोगाची ग्रामोद्योग योजना एकत्र करून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम झाला आणि २०१९ मध्ये राज्याने त्याच वळणाची मुख्यमंत्री योजना आणली. साहजिकच महाविद्यालयात ‘उद्योजकता’ म्हणजे योजनांची माहिती आणि प्रकल्प अहवाल असं समीकरण बसलं. अहवाल बँकेच्या नमुन्यात, विक्रीच्या रकान्यात पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. आकडे कुठून आले हे विचारायचं नसतं.

अनुदानाबद्दलचा गैरसमजही तेव्हापासूनचा. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीसारखं बाजूला राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, इतकाच मधल्या काळातला फायदा. अनुदान खेळतं भांडवल म्हणून अहवालात धरणारा मुलगा पहिल्याच पावसाळ्यात अडकतो.

काजूचं उदाहरण सोडवून पाहिलं की हे स्पष्ट होतं. समजा, दिवसाला १०० किलो बी फोडणारं युनिट आहे आणि वर्षाला २५० दिवस चालतं. लागणारी बी २५ टन. किलोला १२० रुपये धरले तर ३० लाखांचा माल, आणि तो एप्रिल-मे या दोन महिन्यांतच घेऊन ठेवायचा, कारण नंतर गावठी बी मिळत नाही आणि मिळाली तर महाग. २००८ च्या कार्यक्रमाची उत्पादन उद्योगासाठीची मूळ प्रकल्पमर्यादाच २५ लाख होती, २०२२ मध्ये ती ५० लाख झाली. विद्यार्थ्यांच्या अहवालांत बॉयलर, कटर, ड्रायर, सोलणी यंत्र यांची कोटेशनं व्यवस्थित लावलेली असतात आणि खेळत्या भांडवलाच्या रकान्यात एका महिन्याचा कच्चा माल. ते सूत्र बारमाही कच्चा माल मिळणाऱ्या कारखान्याचं आहे. पुढचा हिशेबही करून घ्यावा : १०० किलो बीतून साधारण २५ किलो गर निघतो, म्हणजे बीच्याच किमतीत गर किलोला ४८० रुपयांना पडला, मजुरी आणि जळण वेगळंच. त्यातला अख्खा गर किती आणि तुकडा किती यावर नफा ठरतो. अख्ख्या गराची प्रत नंबराने सांगतात : २४० नंबर म्हणजे पौंडात २२० ते २४० गर, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. वाफ जास्त लागली की गर पिवळट पडतो, वाफवल्यावर बी पुरती थंड न होता कटरखाली गेली की तुकडा वाढतो. आणि बी दोन-तीन उन्हं दाखवून ओलावा नऊ टक्क्यांखाली न आणता गोणीत भरली तर जुलैत बुरशी. लहान सुरुवात करणाऱ्याला दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून देणं हा शहाणपणाचा मार्ग, पण कर्जयोजनेच्या नमुन्यात तो छोटा दिसतो म्हणून शिकवला जात नाही.

कर्ज आणि कोकण यांच्यातली दुसरी अडचण सातबाऱ्याची. बाग एक आणि नावं पंधरा-वीस, त्यांतले निम्मे मुंबईत, दोघे-तिघे वारलेले आणि वारसनोंद न झालेली. तारण द्यायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. २००० मध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा न्यास स्थापन झाला आणि २०१० पासून रिझर्व्ह बँकेने अशा उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असं ठरवलं. कागदावर प्रश्न मिटला. तरीही शेड कुठे उभारणार हा प्रश्न उरतोच. सामाईक जमिनीत शेड बांधायची तर सहहिस्सेदारांची संमती, नाहीतर नोंदणी केलेला भाडेकरार हवा. उद्योजकतेच्या तासाला तलाठी कार्यालयातली फेरफार नोंद वाचायला शिकवणं या किनाऱ्यावर तरी ताळेबंदाइतकंच गरजेचं आहे.

हंगामाशी नातं असलेली वाट एकच, दापोलीची. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं आणि रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय आलं. कृषी पदवीच्या चौथ्या वर्षात गावात राहून काम करण्याचं सत्र आणि अनुभवातून शिक्षणाचं सत्र असतं. २०१५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ‘रेडी’ या नावाखाली ते सगळीकडे एकसारखं केलं. अनुभवातून शिक्षणाच्या सत्रात विद्यार्थ्यांचा गट खरोखर उत्पादन करतो, विकतो, हिशेब ठेवतो आणि नफ्यात त्याचा वाटा असतो. रोपवाटिका या पद्धतीला विशेष मानवते. त्याचं कारण वेळापत्रकात आहे. कॅनिंगमधून मे-जूनमध्ये कोयी फुकटात किंवा नाममात्र दरात मिळतात. पाण्यात टाकून बुडणाऱ्या घ्यायच्या, तरंगणाऱ्या टाकायच्या, आणि महिन्याच्या आत रुजत घालायच्या, नाहीतर उगवण झपाट्याने कमी होते. पंधरवड्याच्या कोवळ्या रोपावर पावसाळी दमट हवेत कोय कलम बांधायचं. म्हणजे काम ऐन सत्रात येतं. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आल्यावर कलमांना गिऱ्हाईक भरपूर मिळालं आणि खासगी रोपवाटिकाही उभ्या राहिल्या.

प्रक्रियेत मात्र नेमकेपणा चुकला की मालच जातो. आंब्याच्या स्क्वॅशमध्ये माल टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालतं. तेच कोकमात घातलं की लाल रंग उडतो, म्हणून कोकम आणि जांभळाला सोडियम बेन्झोएट वापरतात. स्क्वॅश-सिरपांसाठी जुन्या फळप्रक्रिया आदेशापासून मर्यादा ठरलेली : सल्फर डायऑक्साइड (मेटाबायसल्फाइटमधून येणारा) ३५० पीपीएम, म्हणजे किलोला ३५० मिलिग्रॅम, आणि बेन्झोइक आम्ल (बेन्झोएटमधून येणारं) ६०० पीपीएम. चमच्याने मोजणाऱ्यांचा माल एकतर आंबतो, नाहीतर तपासणीत नापास होतो. किलो-अर्धा किलोच्या घाण्याला मिलिग्रॅम मोजणारा काटा लागतो. अमृत कोकमाला, म्हणजे कोकमाच्या गोड सिरपाला, सालीच्या दुप्पट साखर घेतात. साखर वाचवून एकास दीड केली की पाक पातळ राहतो आणि बाटलीचं झाकण आठवड्याभरात फुगतं.

२०११ मध्ये अन्नसुरक्षेचे नियम लागू झाले. वार्षिक १२ लाखांपर्यंत उलाढालीला वर्षाला १०० रुपयांत नोंदणी मिळू लागली आणि कॉलेजच्या खाद्यजत्रेतला माल दुकानात ठेवायला दार उघडलं. तिथे पुढची गाठ किमतीची. बाटलीवरच्या छापील १५० रुपयांतले दुकानदाराचे २५ टक्के गेले की ११२ रुपये ५० पैसे उरतात. बाटली, बूच, लेबल, खोका, एसटी पार्सल आणि फुटतूट त्यातूनच. विद्यार्थी सहसा फळ आणि साखर एवढाच खर्च धरतात.

मधल्या काळात सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवण-तारकर्लीत घरगुती निवास आणि जलक्रीडांचे धंदे वाढले, तेही बहुतांशी कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि नवसंशोधनासाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद केली. २०१८ मध्ये राज्याचं स्टार्टअप धोरण आलं, त्याच वर्षी शिक्षण संस्थांत नवोपक्रम परिषदा सुरू झाल्या, आणि २०१९ मध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय धोरण. भाषा बदलली. प्रकल्प अहवालाच्या जागी दहा स्लाइडचं सादरीकरण आलं, बँक मॅनेजरच्या जागी परीक्षक. परिषदांना तिमाही वेळापत्रक आणि तारांकन असल्याने कार्यक्रम किती झाले याची मोजणी होऊ लागली. एकाही मुलाने काही विकलं का, हा रकाना तिथेही नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) मात्र एक फट आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, चारांचे १२०, दिवसाला आठ तास धरले तर १५ दिवस. मे महिन्याचा पहिला पंधरवडा कॅनिंगच्या ऐन धांदलीचा असतो आणि १२० तास त्यात बसतात. त्यासाठी परीक्षा एप्रिलअखेर संपायला हवी, कारखान्याचं संमतिपत्र फेब्रुवारीत हातात हवं (मालक मार्चनंतर फोन उचलत नाहीत), अपघात विमा हवा आणि कामाची पाळी शेवटच्या एसटीच्या वेळेआधी सुटायला हवी. आंब्याच्या गाड्या संध्याकाळी उशिरा येतात. त्यामुळे मुलींच्या गटाला सकाळची पाळी आणि वजनकाटा, नोंदवही, लेबल ही कामं आधीच ठरवून घ्यावी लागतात, आणि उरलेल्यांना खरेदीच्या वेळी थांबवावं लागतं, कारण दर तिथेच ठरतो.