गरवणे (कोकणातील खाड्यांमधील)

गरी टाकून मासे पकडण्याच्या क्रियेस कोकणात, विशेषतः त्याच्या दक्षिण भागात, ‘गरवणे’ म्हणतात. ‘गरी’ म्हणजे मासे अडकवण्याचा आकडा. मालवणीत ‘गरवूक जाणे’ असा प्रयोग होतो. रापण, डोल, पाग यांसारख्या जाळ्यांनी होणाऱ्या मासेमारीला हा शब्द लागू पडत नाही. पोटापाण्यासाठी गरवणारे आजही आहेत. प्रस्तुत नोंद मात्र चार-पाच मित्रांनी लहान होडीतून खाडीत आत जाऊन, एखाददुसरी रात्र काठावर काढून केलेल्या गरवण्याविषयी आहे. उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या प्रदेशात कॅनू या हलक्या नावेतून रानात शिरून ट्राउट मासा पकडण्याचा जो छंद आहे, त्याचे हे भावंड वाटते. परंतु तिकडचा प्रवास वाट ठरवते आणि इकडचा भरती-ओहोटी ठरवते.

सह्याद्रीचा कडा समुद्रापासून फार दूर नसल्याने कोकणातल्या नद्या आखूड आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी वाहतात, मात्र फाल्गुन-चैत्रापर्यंत त्यांचा वरचा, खडकाळ भाग बहुधा आटतो आणि ‘कोंड’ म्हणून ओळखले जाणारे खोल डोह तेवढे उरतात. त्यामुळे बारमाही होडी चालते ती खालच्या टप्प्यात, म्हणजे खाडीत. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी, गड नदीची कालावल खाडी आणि देवबागपाशी समुद्राला मिळणारी कर्ली ही यांतली ठळक नावे. वाशिष्ठीत भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. कोयना प्रकल्पाच्या वीजगृहांतून सुटणारे अवजलही याच नदीत येत असल्याने ती उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा शेजारच्या खाड्यांपेक्षा इथे वेगळी पडते.

गरवणाऱ्याचे पहिले साधन पंचांग होय. कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारणपणे दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा होत जाते. म्हणून तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाण्याची चढउतार उत्तरेस अधिक आहे; मुंबईजवळ उधाणाच्या वेळी ती साडेचार मीटरांच्या पुढे जाते, वेंगुर्ल्याकडे सुमारे दोन मीटर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी जोरदार असते की शिशाचे वजन तळाशी ठरत नाही, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगेच्या पाण्यात ओढ मंद असल्याने दोर सरळ उभा राहतो. मासा खाण्यावर येतो तो प्रायः पाणी फिरण्याच्या वेळेला, ओहोटी संपून भरतीचा पहिला लोंढा आत शिरू लागतो तेव्हा. आत जायचे ते भरतीबरोबर आणि परतायचे ते ओहोटीबरोबर, हा नियम न पाळणाऱ्यास दुप्पट वल्हवावे लागते. एखाद्या आडखाडीत रेंगाळल्यास तर होडी चिखलावर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत, म्हणजे चार-सहा तास, डास मारत बसण्याखेरीज काही करता येत नाही. कॅनूवाले दोन तळ्यांमधली जमीन नाव खांद्यावर घेऊन ओलांडतात. आंब्याच्या लाकडाची होडी खांद्यावर घेण्याचा विचार कोकणात कोणाच्या मनात येणार नाही.

ही होडी पूर्वी आंब्याच्या एकसंध खोडातून कोरून काढीत. ती अरुंद आणि डचमळणारी असल्यामुळे सिंधुदुर्गाकडे तिच्या एका बाजूस दोन आडव्या दांड्यांनी हलक्या लाकडाचा तरंगता ओंडका जोडतात. त्यास ‘उलांडी’ म्हणतात. उलांडीमुळे एकाच बाजूला वाकून मासा ओढतानाही होडी कलंडत नाही, म्हणून गरवण्यास ती विशेष सोयीची ठरते. लाकूड टिकावे म्हणून त्यावर काजूच्या टरफलांचे तेल चढवण्याची रीत होती. अलीकडे फायबरच्या होड्या आल्या, त्या हलक्या आणि कमी देखभालीच्या आहेत. मात्र वाऱ्यावर त्या भरकटतात आणि नांगर टाकूनही स्थिर राहत नाहीत, अशी जुन्या गरवणाऱ्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही.

साधने थोडी लागतात. सुती दोराची जागा तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याने, घेतली त्यालाही आता बराच काळ लोटला. काठी व रीळ वापरणारे वाढत असले तरी होडीतून हातदोराने गरवणे अद्याप प्रचलित आहे, कारण तळाशी मासा आमिष नुसते चाखतो आहे की गिळतो आहे हे बोटालाच कळते. आमिष म्हणून जिवंत कोळंबी सर्वांत चांगली समजली जाते. ती आदल्या ओहोटीला पागाने धरून ठेवावी लागते.

खाडीत गरीला लागणाऱ्या माशांत जिताडा, तांबोशी, पालू, गोबरा, करकरा व शेंगाळा हे प्रमुख आहेत. तांबोशीची पिल्ले कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की खोल समुद्रातल्या खडकांकडे जातात. खाडीत मिळणारी तांबोशी म्हणूनच बहुतेक वेळा लहान वयाची असते. मानाचा मासा मात्र जिताडा. मालवणकडे तो चणक म्हणून ओळखला जातो, तर पेण-अलिबाग भागात शेततळ्यांत वाढवून पाहुण्यासाठी राखून ठेवला जातो. तो गोड्या व मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. समुद्रात जाऊन येणाऱ्या ट्राउटचे याच्या नेमके उलट असते : तो अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत वर चढतो. शिवाय जिताडा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. साहजिकच सर्वांत मोठे जिताडे बहुधा माद्या असतात, आणि छायाचित्रासाठी नेमकी तीच मापे हवीहवीशी वाटतात, ही या छंदाची अडचणीची बाजू आहे.

ट्राउट कोकणात नाही आणि तो येथे जगणारही नाही. त्याला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि तापमान वीस अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो अस्वस्थ होऊ लागतो. कोकणातल्या खाड्या वर्षाचा बहुतेक काळ पंचवीस ते तीस अंशांच्या घरात असतात. भारतात ब्रिटिश अमदानीत तो काश्मीर व निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडण्यात आला, आणि तसल्याच डोंगराळ भागांत तो टिकला.

मुक्कामाचा हंगाम कार्तिक ते माघ. जागा निवडताना आधी काठावर पाहतात ती उधाणाने आणून टाकलेल्या पालापाचोळ्याची ओळ. अंथरूण तिच्या वर पडले पाहिजे. पुळण (वाळूचा काठ), खाडीतला जुवा (बेट) किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा मांगर (शेतातली खोपी) या नेहमीच्या जागा होत. मांगराच्या मालकाला विचारून आणि त्याच्या घरी एक मासा पोचवून मगच चूल पेटवण्याचा शिरस्ता आहे. होडी परक्याची असेल तर तिचाही वाटा काढतात. रांधप साधे असते : भात, तिरफळे घातलेले तिखले, आणि केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला एखादा पालू. दंव जोराचे पडते, त्यामुळे नवख्यांना थंडीपेक्षा ओल्या अंथरुणाचाच त्रास अधिक होतो. हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री पाण्यात सूक्ष्म प्रकाशमान जीव वाढलेले असले तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी निळसर उजेड उमटतो. दृश्य मोहक असते, पण तंगूसही उजळतो आणि मासा बिचकतो, म्हणून गरवणारे अशा रात्री लवकर झोपतात.

धोक्यांत शेंगाळ्याचे विषारी काटे आणि उथळ पाण्यातल्या पाकटाची नांगी यांचा अनुभव सर्वांत जास्त जणांना येतो. वाशिष्ठी व सावित्री या नद्यांत मगरींचा वावर आहे. तेथे पाण्यालगत झोपणे, किंवा रात्री काठावर बसून मासे साफ करून आतडी तिथेच टाकणे, हा निव्वळ अविचार होय. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण असल्याने जळणासाठी त्यांची फांदीही तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये लागू होणारी पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. वल्ह्याच्या होडीला ती अडवत नसली, तरी पुराच्या गढूळ लोंढ्यात गरवायला जाण्याचे धाडस जाणते लोक करत नाहीत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी झापाखाली, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली, ठेवतात.

वरच्या गोड्या पाण्यातल्या कोंडांत गरवण्यापूर्वी गावात चौकशी करावी लागते, कारण काही डोह राखीव असतात. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत महाशीर माशांचे थवे माणसाच्या हातातले खाद्य घेण्यास काठापर्यंत येतात. ते देवीचे मासे मानले जातात आणि तेथे गरी टाकली जात नाही.