महेश्वर येथील नौकाविहार

महेश्वर येथील नौकाविहार : मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेल्या महेश्वर या जुन्या होळकरी राजधानीत, घाटावरून नावेत बसून किल्ला, छत्र्या (समाधिस्मारके) आणि पात्रातली देवळे पाहण्याचा प्रघात. इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किमी. आहे. महू, मानपूर, धामनोद असे आग्रा–मुंबई रस्त्याने किंवा महूवरून जाम दरवाजाचा घाट उतरून मंडलेश्वरमार्गे तेथे पोचता येते. इंदूरच्या मराठी घरांतून ‘महेश्वरला जाऊन येऊ’ असे कोणी म्हटले, की त्यात राजराजेश्वराचे दर्शन, विणकराकडची साडी आणि उन्हे कलताना नाव, हे तिन्ही धरलेलेच असते. पाहुणे पुण्या-नाशिकचे असले तर नाव आधी आणि साडी नंतर, एवढाच काय तो फरक.

फेरी साधारणपणे दोन प्रकारची. जवळची फेरी घाटांसमोरून पात्राच्या मध्यावरील बाणेश्वरापर्यंत जाते. लांबची प्रवाहाबरोबर खाली, जलकोटीच्या दिशेला, सहस्रधारेच्या बाजूस जाते. मात्र ती पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते आणि अनेकजण सहस्रधारा रस्त्यानेच गाठतात. नाव लाकडी, रुंद बुडाची, बसायला आडव्या फळ्या असलेली. पूर्वी ती वल्ह्यांवर व बांबूवर चाले. आता बहुतेक नावांना डिझेलचे इंजिन आहे. तरीही बांबू नावेतून गेलेला नाही. नावाडी शेवटच्या पायरीला बांबू टेकवून नाव लोटतो, पाणी खोल झाले की इंजिन चालू करतो, आणि बाणेश्वराजवळ ते बंद करून पुन्हा बांबू हातात घेतो. इंजिन थांबल्यावरची ती दोन-चार मिनिटे या फेरीचा खरा गाभा होत. घाटावरची घंटा, धोपटलेल्या कपड्याचा आवाज आणि नावेच्या कडेला चाटणारे पाणी, एवढेच तेव्हा ऐकू येते.

किल्ल्याची रचना पाण्यातूनच नीट कळते. घाटावर उभे राहिले की तट डोक्यावर येतो आणि पायऱ्यांचा उतार पायाखाली दडतो. नाव शंभरेक हात आत गेली, की अहिल्या घाट, पेशवा घाट व फणसे घाट यांच्या पायऱ्या, त्यांच्यावरचे बुरूज, अहिल्येश्वराचे शिखर आणि सर्वांत वर वाड्याची कौले असे थर एकावर एक लागलेले दिसतात. अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ उभारलेले अहिल्येश्वर मंदिर पहिल्या यशवंतराव होळकरांच्या काळात सुरू होऊन कृष्णाबाईंच्या काळात, १८३३ च्या सुमारास पुरे झाले, असे सामान्यतः मानतात. त्याच्यासमोर विठोजीराव होळकरांची छत्री आहे. १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने ज्यांना हत्तीच्या पायी दिले, तेच हे विठोजी. छत्रीच्या जोत्यावरच्या कोरीव हत्तींच्या रांगेसमोर उभे राहिले की ही आठवण टाळता येत नाही. पण ते कोरीवकाम नावेतून दिसत नाही, त्यासाठी पायऱ्या चढून वर जावे लागते.

हा प्रघात किती जुना, याचा शोध घेताना महेश्वर म्हणजेच प्राचीन माहिष्मती काय, या वादात शिरावे लागते. तरीचा, म्हणजे नावेने नदी ओलांडण्याचा, घाट नसता तर येथे नगर वसले नसते. त्यामुळे नावेचे वय आणि नगराचे वय हे प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

हैहयवंशीय कार्तवीर्य सहस्रार्जुनाची राजधानी माहिष्मती नर्मदाकाठी होती, याबद्दल दुमत नाही. ती नर्मदेवर नेमकी कोठे, याबद्दल आहे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने ती मंडला येथे मानली. शिलालेखांचे अभ्यासक राइस यांनी तर ती थेट म्हैसूरकडे नेली. नर्मदेचा स्पष्ट उल्लेख पाहता या मताचा आज विचार करण्याचे कारण नाही. खरा वाद मांधाता (ओंकारेश्वर) आणि महेश्वर यांच्यातला. पुराणांचे अभ्यासक पार्जिटर यांनी मांधात्याचा पक्ष घेतला. त्यांचा भर कालिदासाच्या रघुवंशाच्या सहाव्या सर्गातील इंदुमतीच्या स्वयंवरावर आहे. तेथे माहिष्मतीच्या तटाला नितंबाची आणि रेवेला, म्हणजे नर्मदेला, त्यावरील मेखलेची उपमा आहे. मेखला म्हणजे चौफेर वेढा, चौफेर वेढा म्हणजे बेट, आणि नर्मदेतले नावाजलेले बेट मांधाता, अशी ही विचारसरणी. पण मेखलेच्या उपमेने नदी चारी बाजूंनी असलीच पाहिजे, असा काव्याचा नियम नाही. त्याच श्लोकात प्रासादाच्या खिडक्यांतून रेवा पाहण्याची गोष्ट येते. तट आणि नदी एकमेकांना इतके लगटून असणे ही महेश्वरचीही ओळख आहे. अर्थात कालिदासाने कोणते स्थळ डोळ्यांनी पाहिले होते, हे श्लोकावरून ठरवणे धाडसाचे होईल.

याहून वजनदार पुरावा पाली वाङ्मयातला आहे. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथाच्या पारायणवग्ग या भागात गोदातीरी राहणाऱ्या बावरी या ब्राह्मण गुरूचे सोळा शिष्य उत्तरेला निघतात. त्यांच्या वाटेवरची गावे क्रमाने दिली आहेत : पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, मग उज्जेनी, पुढे विदिशा. पैठणहून उज्जैनला जाताना सातपुडा ओलांडून नर्मदा पार करायची आणि विंध्याचा घाट चढायचा, तर महेश्वर त्या वाटेवर सहज येते. मांधाता पूर्वेला आहे. तेथूनही जाता येते, पण वाट वळसा घेते. परमार राजा देवपाल याचा १२२५ चा ताम्रपट मांधात्याला सापडला असून, दान देताना राजाचा मुक्काम माहिष्मतीला होता, असे त्यात आहे. हा ताम्रलेख दोन्ही बाजूंनी वापरता येतो. ताम्रपट सापडला तेच गाव माहिष्मती, असे म्हणता येईल. किंवा दानस्थळ आणि राजाचे मुक्कामाचे ठिकाण ही निराळी होती, असेही म्हणता येईल. एकंदरीत महेश्वरकडे झुकते माप द्यावे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

या मताला मोठा आधार उत्खननाने मिळाला. पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि समोरच्या दक्षिण तीरावरील नावडातोली (नावडाटोली असेही लिहितात) या दोन्ही ठिकाणी उत्खनन केले. नावडातोलीला १९५७ ते १९५९ मध्ये पुन्हा काम झाले. नर्मदेच्या गाळथरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. नावडातोलीच्या टेकाडांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उघडी झाली : गोल व चौकोनी कुडाच्या झोपड्या, रंगीत नक्षीची माळवा पद्धतीची मृद्भांडी, गहू आणि कडधान्ये. तिचा भरभराटीचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात पडतो. निरनिराळ्या मापनांत काही शतकांचा फरक येत असल्याने याहून बारीक तारीख देणे सध्या उचित नाही. महेश्वरच्या बाजूला आरंभीच्या ऐतिहासिक काळाचे थर लागले. समोरासमोरच्या काठांवर अशा वस्त्या असणे म्हणजे मध्ये नदी ओलांडण्याची जागा असणे, हा निष्कर्ष योग्य वाटतो.

नावडातोली या नावाचा अर्थ नावाड्यांची वस्ती असा लावतात. अर्थ पटण्याजोगा आहे. पण आजच्या बोलीतले नाव हा साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा पुरावा होऊ शकत नाही. नंतरच्या काळात तेथे तर (पैलतीराला नेणारी नाव) चालत असे आणि ती चालवणारे लोक तिथेच राहत, एवढेच त्यावरून म्हणता येते.

येथे पाणी संथ का, हेही पाहण्यासारखे आहे. महेश्वरच्या खालच्या अंगाला बेसाल्टचे खडक पात्रात आडवे येतात व नदी असंख्य धारांनी फुटते. त्या नैसर्गिक बांधामुळे वरच्या बाजूला डोहासारखे पाणी राहते आणि त्यावरच घाटासमोरची नाव अलगद चालते. सहस्रार्जुनाने हजार बाहूंनी नर्मदा अडवली आणि पाणी त्याच्या हातांमधून निसटून सहस्रधारा झाल्या, या कथेत लोकांनी हेच निरीक्षण आपल्या भाषेत सांगून ठेवले आहे. वर नाव चालवणाऱ्यांना ज्या खडकाळ धारांची धास्ती, त्याच आज खेळाडूंच्या कामी येतात : ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांतील कनू स्लालम (खळाळत्या पाण्यातून छोटी नाव वळवत नेण्याची शर्यत) हा प्रकार २०२३ च्या फेब्रुवारीत महेश्वरलाच झाला.

अहिल्याबाईंनी १७६७ नंतर कारभारासाठी महेश्वर निवडले आणि १७९५ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. घाटांचे आजचे रूप मुख्यतः त्यांच्या व त्यांच्यानंतरच्या पिढीच्या काळातले. इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. त्यापुढे महेश्वर आडबाजूला पडले आणि त्यामुळेच त्याचा काठ बराचसा जुन्या रूपात राहिला. खलघाट आणि मंडलेश्वर येथे पूल झाल्यावर पलीकडे जाण्यासाठी नावेची गरज उरली नाही. नदी ओलांडणारी नाव अर्ध्या पात्रातून परत फिरू लागली, तिचा नौकाविहार झाला. तरीही नावडातोलीच्या शालिवाहन मंदिराला जाणारे भाविक आजही नावेने पलीकडे जातात. जुनी तर तेवढ्यापुरती जिवंत आहे.

पात्रातील बाणेश्वर हे चौथऱ्यावरचे छोटे शिवमंदिर आहे. पृथ्वीचा मध्य आणि ध्रुवतारा यांना जोडणारी रेषा त्यातून जाते, अशी स्थानिक श्रद्धा आहे. मोठ्या पुरात ते पाण्याखाली जाते. पावसाळ्यात नदी चढली की घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि नावा बंद होतात. इतर ऋतूंत पातळी वरच्या अंगाच्या इंदिरा सागर व ओंकारेश्वर या धरणांतून सोडलेल्या पाण्यावर बरीचशी ठरते. फेरीला कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास निमाड उत्सव असतो आणि त्या संध्याकाळी सोडलेल्या दिव्यांमधून नाव जाते.

अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय आणि नावेत मोजकी माणसे असल्याशिवाय बसू नये. संथ पाणी फसवे असते. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटून बारा मुले व दोन शिक्षिका दगावल्या. तो तर वाहत्या नदीचा नव्हे, तळ्याचा प्रसंग होता. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या कायद्याच्या जागी आला असून त्यात यंत्रावरच्या नावांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद आहे. तथापि जाकिटाचा बंद बांधला आहे का, हे शेवटी आपल्यालाच पाहावे लागते. मुलांचे बंद आईवडिलांनी स्वतः ओढून पाहावेत.

सकाळी नावेत बसणाऱ्याला कधी आणखी एक गोष्ट दिसते. किल्ल्यातल्या वाड्यात अहिल्याबाईंच्या काळापासून लिंगार्चन चालत आले आहे : काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी हजारो शिवलिंगे पाटावर रचतात, प्रत्येकावर तांदळाचा दाणा ठेवतात, पूजा करतात आणि ती सारी नर्मदेत सोडतात. माती पाण्यात विरते, काही दाणे तरंगत नावेच्या बाजूने जातात आणि मासे वर येतात.

नर्मदेची प्रदक्षिणा करणारे परिक्रमावासी मात्र या नावेत बसत नाहीत. नर्मदा ओलांडायची नाही हा त्यांचा नेम. बाणेश्वरही त्यांना काठावरूनच नमस्कारावा लागतो. ओंकारेश्वरहून निघालेला परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तीराने नावडातोलीवरून पश्चिमेला जातो आणि महेश्वरचे घाट त्याला समोर दिसतात. त्या घाटांवर तो पोचतो कित्येक आठवड्यांनी, उत्तर तीराने परत येताना. मधल्या काळात तो एकदाच नावेत बसलेला असतो : नर्मदा जिथे समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वराच्या बाजूहून मिठी तलाईला जाताना.