माटोळी

माटोळी : गणेशचतुर्थीला गोव्यातील हिंदू घरांत मूर्तीच्या डोक्यावर छताला आडवी टांगलेली चौकट आणि तिला बांधलेली हंगामातील फळे, फळभाज्या, रानवेलींची फळे, फुले व डहाळ्या. कोकणीत मांडवाला माटव म्हणतात. माटोळी त्याच कुळातला शब्द दिसतो. पलीकडे सिंधुदुर्गात हीच गोष्ट माटवी किंवा मंडपी या नावाने ओळखली जाते. पूजेत वाहायची एकवीस प्रकारची पत्री आणि माटोळी यांची पुष्कळदा गल्लत होते. पत्री मूर्तीला वाहतात, तर माटोळीतले जिन्नस काढतात ते विसर्जनानंतरच.

तृतीयेला म्हणजे ‘तये’च्या दिवशी माटोळी बांधून पूर्ण करतात आणि चवथीला तिच्याखाली मूर्ती बसवतात. हा क्रम सोयीचाही आहे. मूर्ती आधी बसवून वर बांधकाम करायला गेले, की हातातून निसटलेला एक नारळ मातीच्या सोंडेला पुरतो.

चौकट बहुधा घरचीच असते आणि वर्षानुवर्षे तीच वापरली जाते. जुन्या घरांत ती टांगण्यासाठी वाशांना कड्या किंवा खुंट्या कायमच्या ठोकलेल्या दिसतात. आकार खोलीवर ठरतो, पण चार ते सहा फूट लांब व तीन-चार फूट रुंद ही नेहमीची मापे. बाहेरचा चौकोन लाकडाचा आणि आत बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्या उभ्या-आडव्या बांधून केलेली घरे, वीतभर अंतराची. अंतर जास्त ठेवले तर लहान घोसांना जागा सापडत नाही आणि कमी ठेवले तर गाठ मारायला बोटे आत जात नाहीत. चौकट चारही कोपऱ्यांतून टांगावी. मधोमध एकाच दोरावर सोडलेली चौकट पहिली नारळाची पेंड (घोस) चढताच एका बाजूला कलते.

माटोळी बांधणे हे मुळात भार वाटून देण्याचे काम आहे. आठ-दहा नारळांची पेंड दहा-पंधरा किलो सहज भरते, केळ्यांचा घडही जवळजवळ तेवढाच, त्यात भोपळा आणि तोरिंग (पपनस) आले, की पन्नास किलोंचा आकडा कधी ओलांडला ते कळत नाही. म्हणून जड जिन्नस आधी आणि जोडीने चढवतात : एका टोकाला नारळाची पेंड, तर समोरच्या टोकाला दुसरी पेंड किंवा केळ्यांचा घड. पोफळीचे घोस चार कोपऱ्यांना. ही मांडणी दिसायला सुबक आहेच, पण जड वस्तू कडेला गेल्याने मूर्तीच्या थेट वर फक्त हलके घोस राहतात, हे तिचे खरे कारण. त्यानंतर मधल्या वजनाची फळे (नीरफणस, तोरिंग, चिबूड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, करमळ), मग आंबाडे, बिमली, फागली (करटोली), तिरफळ यांचे घोस आणि सगळ्यांत शेवटी फुले व आंब्याचे टाळे (पानांच्या डहाळ्या).

बांधायला जुनी वस्तू म्हणजे केवणीची साल. केवण, म्हणजेच मुरुडशेंगेचे झुडूप, डोंगरउतारावर भरपूर वाढते. साल सोलून पाण्यात भिजत ठेवली की मऊ होते, हवी तशी वळते आणि वाळताना गाठ आणखी आवळते. आज काथ्याचे सुंभ सर्रास वापरतात आणि ते चांगलेच आहे. केळीचे सोपट (खोडाची साल) हलक्या फुलांपुरते ठीक. दुसऱ्या दिवशी ते वाळून कडक होते आणि ओझ्याखाली तुटते. प्लॅस्टिकची सुतळी मात्र टाळावी. ती गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि कोवळ्या देठात सुरीसारखी रुतते. पट्टीला दोन वेढे घेऊन टोक दुसऱ्या वेढ्याखालून ओढले, की ओझे वाढेल तशी गाठ घट्ट होते.

नारळ आणि पोफळ यांना दोर बांधायचा तो दांड्याला. एखाद्या फळाला बांधला तर ते फळ दोरात राहते आणि बाकीची पेंड खाली येते. तवशाला दोन्ही टोकांकडून आधार द्यावा. देठ आखूड असलेल्या फळांना सुंभाची फुली खालून घालतात किंवा सैल जाळी विणतात. चिबडाला जाळी हवीच. तो पिकला की देठापासून आपोआप सुटतो, गाठ कितीही पक्की असो. तो केळ्यांच्या घडाशेजारी टांगणे ही आणखी एक नेहमीची चूक : दोन्ही एकमेकांना पिकवतात आणि पाच दिवसांच्या गणपतीत तिसऱ्या दिवशीच खाली रस गळू लागतो. घड पूर्ण भरलेला पण हिरवाकच्च घ्यावा. गोव्यात गणपती दीड, पाच, सात, नऊ किंवा अकरा दिवसांचा असतो, तेव्हा फळाची पक्वता घरच्या दिवसांवर बेतावी लागते. दीड दिवसाच्या घरात थोडे रंगलेले केळेही चालून जाते.

रानातला माल हा माटोळीचा खरा अलंकार. पांढऱ्या पानांनी उठून दिसणारी शेरवड, लाल-पिवळी कळलावी (वाघनखी), खुळखुळ्याच्या शेंगा म्हणजे घागऱ्या, कांगोण्यांचे घोस, कवंडळाची फळे. यांतले बरेचसे भाद्रपदाच्या सुमारासच रानात सापडते, त्यामुळे माटोळी पाहून जाणता माणूस त्या वर्षीचा पाऊस आणि त्या घराची रानाशी असलेली ओळख दोन्ही ताडतो. तेरडा मात्र आदल्या दिवशी बांधू नये, दुसऱ्या दुपारपर्यंत मान टाकतो. आंब्याचे टाळे बांधण्यापूर्वी झटकून पाण्यात बुडवावेत. पानांच्या घरट्यात हुमले (लाल मुंग्या) असले तर ते आरतीच्या वेळी पुरोहिताच्या मानेवर उतरतात. कळलावीचा कंद अतिशय विषारी आणि बाकीचे झाडही विषारीच. ती मुलांच्या हाताबाहेर उंच बांधावी आणि उतरवताना खाण्याच्या फळांत मिसळू देऊ नये.

ज्यांना रान जवळ नाही त्यांच्यासाठी चवथीआधी दोन-तीन दिवस म्हापसा, पणजी, डिचोली, फोंडा, मडगाव येथे माटोळीचा बाजार भरतो. सत्तरी, सांगे, काणकोण अशा डोंगरी भागांतून माल येतो आणि विकणाऱ्यांत बायकाच अधिक. घेताना फळापेक्षा देठ पाहावा. वीतभर देठ नसलेला घोस स्वस्त मिळाला तरी बांधताना महाग पडतो.

राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळी स्पर्धा घेतली जाते. शेकडो प्रकारचे जिन्नस वापरून देवदेवतांच्या आकृत्या साकारणाऱ्या माटोळ्या तिच्यामुळे पुढे आल्या आणि विस्मरणात गेलेल्या वनस्पतींची नावे पुन्हा बोलली जाऊ लागली. पण संख्या वाढवण्याच्या नादात वेल मुळासकट उपटले जातात, हेही खरे. एक घोस कापून वेल ठेवला तर पुढच्या वर्षी तोच वेल कामी येतो. कळलावीचा कंद उपटला तर तेथे काही उरत नाही.

हंगामाचे पहिले पीक देवापुढे आणण्याची रीत गोव्यात चवथीपुरती नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, नव्या भाताची कणसे घरात आणतात. ख्रिस्ती गावांत हीच कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात : राय गावच्या कणसांचे फेस्त (सण) ५ ऑगस्टला, ताळगावचे २१ ऑगस्टला. रायगडकडच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने तर आपल्या नववर्षालाच ‘नव्याचा सण’ असे मराठी नाव दिले. इंग्लंडमधील चर्चच्या सुगी-उत्सवाचे आजचे रूप १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेनस्टो गावी सुरू झाले. तेथे धान्य आणि फळे चर्चमध्ये मांडून ठेवतात.

माटोळीशी खरे साम्य आहे ते ज्यूंच्या सुक्कोत सणाशी. त्यांच्या पंचांगातील तिश्री महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस ते सुक्का नावाच्या तात्पुरत्या मांडवात जेवतात. मांडवाचे छप्पर जमिनीत उगवलेल्या आणि कापलेल्या झाडपाल्याचेच हवे आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. त्या छपराला फळे टांगतात आणि सण संपेपर्यंत ती खात नाहीत. पूजेत हाती घ्यायचे त्यांचे एत्रोग म्हणजे आपले महाळुंगच. माटोळीतही महाळुंग मिळाले तर मानाने बांधतात. एत्रोगच्या टोकाची बोंडी तुटली तर फळ बाद ठरते. माटोळीत इतकी कडक पारख नाही, मात्र किडलेले किंवा चिरलेले फळ टांगत नाहीत, कारण त्याचा रस आणि माश्या मखरावर येतात.

बांधून झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. एक, घरातला सर्वांत उंच माणूस आरतीला उभा राहिला तर डोक्याला काही लागते का. दुसरी, समईच्या ज्योतीच्या थेट वर कोणता टाळा येतो. पाने तिसऱ्या दिवसापासून वाळतात. विजेच्या माळा चौकटीला गुंडाळल्या असतील तर त्याहून लवकर. रोज सकाळी पूजेआधी दोर चाचपून सैल गाठ आवळावी, कारण ताजे देठ सुकताना बारीक होतात.

विसर्जनानंतर माटोळी बांधली त्याच्या उलट क्रमाने उतरवतात : आधी फुले, मग घोस, शेवटी पेंडी, तेही समोरासमोरच्या दोघांनी एकाच वेळी. फळे प्रसाद म्हणून शेजारीपाजारी वाटली जातात, भोपळा आणि फागली भाजीत जातात, तिरफळ खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या कालवणात). रानफळे झाडांच्या बुडाशी टाकतात. दोर कापून काढतात, पुढच्या वर्षीसाठी ठेवत नाहीत. चौकट धुऊन, दोन दिवस वाळवून माळ्यावर ठेवतात. ओली ठेवली तर बांबूला भुंगा लागतो.