मोसुलची सही, कैरोचं भांडं: चांदीजडित पितळेच्या वादाची पार्श्वभूमी

संग्रहालयांच्या जुन्या सूच्या चाळल्या तर चांदीचं जडावकाम केलेलं तेराव्या शतकातलं बहुतेक पितळ एकाच नावाखाली टाकलेलं दिसतं: उत्तर इराकमधलं मोसुल. हळूहळू या पाट्या बदलत गेल्या. कुठे दमास्कस आलं, कुठे कैरो, कुठे नुसतंच ‘सीरिया किंवा उत्तर इराक’.

तंत्र खुरासानातून, म्हणजे आजच्या ईशान्य इराण-पश्चिम अफगाणिस्तानच्या पट्ट्यातून आलं, यावर फारसं दुमत नाही. तिथल्या हेरात शहरात ११६३ साली घडलेली आणि आज सेंट पीटर्सबर्गला असलेली बादली हा त्याचा ठळक पुरावा. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव वेगळं आणि नक्षी करणाऱ्याचं वेगळं आहे, म्हणजे कामाची वाटणी तेव्हाच झाली होती. पुढची गोष्ट नेहमी अशी सांगतात: मंगोल आले, हेरात पडलं, कारागीर पश्चिमेला पळाले आणि मोसुल भरभराटलं. गोष्ट सोयीची आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. हेरात पडलं १२२१-२२ मध्ये. मोसुली सही असलेली एक छोटी पितळी पेटी १२२० ची आहे आणि तिच्यावर कारागिरानं आपल्या मोसुली उस्तादाचंही नाव घातलं आहे. म्हणजे तिथे निदान एक पिढी आधीपासून हे काम चालू होतं. पळून आलेले कारागीर असतीलही, पण पाया त्यांनी घातला असं म्हणता येत नाही.

कामाची पद्धतही वेगळी पडते. खुरासानातलं पुष्कळ काम ओतीव आणि जाड अंगाचं. त्यात टोच्यानं ठिपक्यांची रांग पाडून तिच्यात चांदीची किंवा तांब्याची तार ठोकून बसवत. मोसुलच्या झाऱ्या आणि शमादानं (मेणबत्तीच्या बैठका) पत्र्यातून उठवलेली असतात. एवढ्या पातळ पितळेला खोल खाच झेपत नाही. म्हणून आकृतीच्या आतला भाग छिन्नीनं जेमतेम एक थर खाली नेत आणि भोवतालची कड आतल्या बाजूनं पोखरत. आकृतीबरहुकूम कापलेला चांदीचा पातळ पत्रा त्यात ठेवायचा, ठोकून कडेखाली सारायचा आणि पितळेची कड वरून दाबून घ्यायची. डोळे, दाढी, कपड्यांच्या चुण्या या सगळ्या रेघा नंतर चांदीवरच कोरायच्या. उरलेल्या जमिनीत, म्हणजे आकृतींमागच्या मोकळ्या भागात, काळा मसाला भरत. आपल्याकडे तलवारीच्या मुठीवर दिसणारी कोफ्तगरी याहून निराळी: तिथे पोलाद आडवंउभं खरवडून त्यावर तार ठोकतात, चांदी बसवायला असं घर खोदत नाहीत.

कड नीट पोखरली नसेल किंवा पत्रा किंचित अपुरा कापला असेल तर कोपरा उचलला जातो. मग पुसताना फडकं त्यात अडकतं आणि आख्खी आकृती निघून येते. म्हणूनच कित्येक भांड्यांवर घोडेस्वाराचा आकार शाबूत असतो, पण चेहरा नसतो. चेहरा चांदीवरच होता. घासून घासून काळा मसालाही गेलेला असतो. आज जे पिवळ्यावर पांढरं दिसतं ते मुळात काळ्यावर उठून दिसायचं.

आता सहीचा गुंता. ‘अल्-मवसिली’, म्हणजे मोसुलचा, अशी सही असलेली तीसेक भांडी उरली आहेत आणि ती जवळपास शंभर वर्षांवर पसरलेली आहेत. पण ‘मोसुलमध्ये घडवलं’ असं स्पष्ट कोरलेलं भांडं एकच: आता लंडनला असलेली १२३२ ची झारी. उलट त्याच उपनावाच्या कारागिरांची १२५९ ची एक झारी दमास्कसमध्ये आणि १२६९-७० चं एक शमादान कैरोत घडवल्याचं त्या भांड्यांवरच लिहिलं आहे. शहर सोडलं तरी उपनाव सुटलं नाही. गिऱ्हाइकासमोर त्याला वजन होतं, हे उघड आहे. मोसुलमध्ये कारखाने होते याबद्दल शंका नाही. १२५० च्या सुमाराला एका अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधल्या) लेखकानं तिथली जडावाची भांडी राजेरजवाड्यांकडे जात असल्याचं नोंदवलं आहे. प्रश्न आहे तो बिनसहीच्या भांड्यांचा. त्यांची वर्गवारी जमिनीतल्या टी-आकाराच्या जाळीसारख्या खुणांवरून झाली, आणि त्या खुणा तर कारागिरांबरोबरच पुढे गेल्या. केवळ तेवढ्यावर ‘मोसुल’ लिहिणं घाईचं होतं. धातूच्या तपासणीनं जुन्या सूच्यांतलं ‘कांसं’ बहुतेक ठिकाणी पितळ ठरवलं, पण गाव ठरवायला तिचा फारसा उपयोग नाही: मोडीची पितळ पुन्हा पुन्हा वितळवली जायची.

मोसुल १२६१-६२ मध्ये मंगोलांच्या हाती गेलं आणि कामाचं केंद्र इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या कैरो-दमास्कसकडे सरकलं. तांब्याच्या जागी सोनं आलं. चौदाव्या शतकात माणसांच्या आकृती मागे पडून सुलतानांच्या पदव्यांची ठसठशीत अक्षरं पुढे आली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोच्या एका इतिहासकारानं जडावाच्या बाजाराची रया गेल्याचं लिहून ठेवलं आहे: पूर्वी नवरीच्या रुखवतात अशा भांड्यांचा एक तरी मांड असायचाच, आता कारागीर मोजकेच उरलेत आणि लोक जुनी भांडी विकत घेऊन त्यांतली चांदी काढून विकतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपी संग्राहकांची मागणी वाढली तेव्हा कैरो आणि दमास्कसमध्ये ममलूक धाटणीचं नवं काम सुरू झालं, शिवाय जुन्या भांड्यांच्या रिकाम्या घरांत नवी चांदीही बसवली गेली. त्यामुळे पाटीवर गाव लिहिण्याआधी समोरची चांदी मूळची आहे की मागाहून बसवलेली, हे भिंगाखाली घराच्या कडा बघून आधी ठरवावं लागतं.