लेबनॉनची यादवी आणि कॅमेरा हातात घेतलेले विद्यार्थी

लेबनॉनमधल्या शाळांत इतिहासाचं पुस्तक 1943 मध्ये फ्रान्सकडून मिळालेल्या स्वातंत्र्यापाशी संपतं. फार तर 1946 मध्ये फ्रेंच फौजा परत गेल्या, तिथपर्यंत. 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षं चाललेली यादवी, तिच्यात मेलेली अंदाजे दीड लाख माणसं, सरकारी आकड्यानुसार बेपत्ता झालेले सुमारे 17,000 लोक, यातलं काहीच परीक्षेला येत नाही, कारण ते शिकवलंच जात नाही. बैरूतमध्ये चित्रपट शिकणारी मुलं आपल्या दहा-वीस मिनिटांच्या माहितीपटांत पुन्हा पुन्हा या युद्धाकडेच का वळतात, हे समजून घ्यायचं असेल तर या न छापलेल्या धड्यापासूनच सुरुवात करावी लागते.

युद्धाची मुळं जुनी आहेत. देशात शेवटची अधिकृत जनगणना 1932 साली झाली आणि 1943 च्या अलिखित करारात सत्तेची वाटणी तिच्याच आधारे ठरली: राष्ट्राध्यक्ष मरोनाइट पंथाचा ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया. संसदेतल्या जागा ख्रिस्ती सहा तर मुसलमान पाच या प्रमाणात. पुढं लोकसंख्या बदलली, वाटणी तीच राहिली. 1948 नंतर पॅलेस्टिनी निर्वासित आले. 1970 मध्ये जॉर्डनमधून हाकलल्या गेलेल्या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनांनीही इथंच तळ हलवला. 13 एप्रिल 1975 च्या रविवारी बैरूतच्या ऐन अल-रुम्माने या ख्रिस्ती वस्तीत आधी चर्चबाहेर गोळीबार झाला. त्याच दिवशी पॅलेस्टिनी प्रवाशांनी भरलेली एक बस तिथून चालली होती, तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंचवीसहून जास्त माणसं मारली गेली. युद्धाची सुरुवात म्हणून हीच तारीख सांगितली जाते.

बाहेरच्यांना ही सरळ ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान अशी लढाई वाटते. तशी ती कधीच नव्हती. 1976 मध्ये सीरियाचं सैन्य आत आलं. 1978 मध्ये आणि पुन्हा 1982 मध्ये इस्रायलनं आक्रमण केलं. 1982 च्या सप्टेंबरात बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांत कत्तल झाली. 1983 मध्ये डोंगराळ भागात द्रूझ नावाच्या छोट्या धर्मपंथाचे लोक आणि ख्रिस्ती एकमेकांवर उठले. 1985 पासून शियांची अमल संघटना पॅलेस्टिनी छावण्यांवर तुटून पडली, 1988 मध्ये अमल आणि हिजबुल्ला एकमेकांशी लढले, आणि 1990 मध्ये तर ख्रिस्ती सैनिक ख्रिस्ती मिलिशियावर, म्हणजे पक्षाच्या खासगी फौजेवर, तोफा डागत होते. त्यामुळे प्रत्येक गल्लीचं युद्ध वेगळं आहे. एका घरात ज्याचा फोटो शहीद म्हणून भिंतीवर टांगलेला असतो, तोच शेजारच्या वस्तीत खुनी म्हणून ओळखला जातो.

सौदी अरेबियातल्या ताइफ शहरात ऑक्टोबर 1989 मध्ये समझोता झाला, संसदेत दोन्ही धर्मांना समसमान जागा मिळाल्या आणि पुढच्या वर्षी बंदुका थांबल्या. मग ऑगस्ट 1991 मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा आला. या कायद्यातली एक तरतूद मला आजही अस्वस्थ करते. राजकीय आणि धार्मिक नेत्यांच्या हत्या माफीतून वगळल्या होत्या. म्हणजे नेत्याला मारलं तर खटला, आणि गावातल्या पंधरा साध्या माणसांना भिंतीशी उभं करून मारलं तर माफी. मिलिशियांचे म्होरके सूट घालून मंत्रिमंडळात आणि संसदेत जाऊन बसले. ज्यांनी युद्ध केलं त्यांच्याच हाती राज्य आलं, तेव्हा त्या युद्धाची चौकशी कोण करणार?

ताइफच्या करारात इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक देशभर असावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रयत्नही झाले. 2001 मध्ये नवी पुस्तकं शाळांच्या दारापर्यंत पोचली होती. तिसरीच्या पुस्तकात लेबनॉनवर कोण कोण आलं आणि गेलं याची यादी होती आणि परकीयांच्या त्या रांगेत अरबांचं नावही आलं. देशातले कितीतरी लोक स्वतःला अरबच मानतात, त्यामुळे वाद पेटला, शिक्षणमंत्र्यांनी पुस्तकं थांबवली. दशकभरानं नवा मसुदा तयार झाला, तेव्हा 2012 मध्ये युवक संघटना रस्त्यावर उतरल्या आणि तोही बारगळला. देशातली निम्म्याहून जास्त मुलं खासगी शाळांत शिकतात आणि त्यातल्या बऱ्याच शाळा एकेका पंथाच्या आहेत. त्यामुळे युद्धाबद्दल मुलाला जे कळतं ते स्वयंपाकघरात, गाडीत, नाहीतर लग्नाच्या जेवणावळीत, आणि तेही आपल्याच बाजूचं.

शहरानंही विसरण्याचं काम झपाट्यानं केलं. 1994 मध्ये स्थापन झालेल्या सॉलिदेर कंपनीनं बैरूतचा मध्यभाग नव्यानं बांधला आणि त्यासाठी असंख्य जुन्या इमारती पाडल्या. तरी खुणा राहिल्याच. अर्धवट बांधलेला मुर टॉवर, गोळ्यांनी चाळण झालेलं हॉलिडे इन, सोदेको चौकातली ती पिवळसर बरकात इमारत जिच्यात नेमबाज दबा धरून बसत. राष्ट्रीय संग्रहालय तर पूर्व आणि पश्चिम बैरूतला तोडणाऱ्या सीमारेषेवरच उभं होतं. त्याचे संचालक मॉरिस शेहाब यांनी हलवता न येणाऱ्या दगडी शवपेट्या आणि मूर्तींभोवती चक्क सिमेंट ओतून त्या वाचवल्या, छोट्या वस्तू तळघरात भिंतीआड बंद केल्या. एका जुन्या मोझाइकला नेमबाजांनी पाडलेलं भोक मुद्दाम तसंच ठेवलं आहे. संग्रहालयात येणाऱ्यांना एक छोटा माहितीपट दाखवतात. त्यात सिमेंट फोडून मूर्ती बाहेर काढल्या जाताना दिसतात. मला वाटतं, लघु-माहितीपट काय करू शकतो याचा याहून चांगला नमुना त्या शहरात दुसरा नाही.

युद्ध चालू असतानाच माहितीपटाची एक परंपरा तिथं घडत होती. जोसेलीन साब यांनी युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून जळत्या बैरूतचं चित्रण केलं. ज्याँ शमून आणि मै मस्री या जोडप्यानं युद्धातच वाढलेल्या पोरांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. पण तेव्हा हे काम शिकवणारी व्यवस्था देशात जवळपास नव्हती. सेंट जोसेफ विद्यापीठाची दृक्‌श्राव्य आणि चित्रपट शिक्षण संस्था 1988 मध्ये सुरू झाली, म्हणजे तोफा अजून थांबलेल्या नव्हत्या. लेबनीज ललित कला अकादमीतही चित्रपट शिकवू लागले. पुढं डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि एकट्या विद्यार्थ्यालाही पट करणं आवाक्यात आलं. 2005 मध्ये माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांची हत्या झाली, लाखो लोक रस्त्यावर आले आणि 1976 पासून ठाण मांडून बसलेलं सीरियाचं सैन्य एप्रिलमध्ये परत गेलं. तोवर ज्या विषयांवर दबक्या आवाजात बोललं जाई, ते उघड्यावर येऊ लागले.

शाळकरी मुलांचाही एक मोलाचा प्रयत्न 2010 च्या सुमारास झाला. ‘बदना नाअरेफ’, म्हणजे ‘आम्हाला जाणून घ्यायचंय’, या उपक्रमात बैरूत परिसरातल्या शाळांच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या माणसांना युद्धातल्या रोजच्या जगण्याबद्दल प्रश्न विचारून मुलाखती नोंदवल्या. संक्रमणकालीन न्यायावर, म्हणजे युद्धासारख्या काळानंतर पीडितांना न्याय कसा मिळावा यावर, काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था, सेंट जोसेफ विद्यापीठ आणि ‘उमम’ हे दस्तावेज केंद्र यांनी तो चालवला. कोण जिंकलं हे मुलांनी विचारायचं नव्हतंच. पाणी कुठून आणायचात, शाळा बंद असायची तेव्हा काय करायचात, तळघरात किती जण झोपायचे, असे प्रश्न विचारले की गप्प बसलेली आजीही बोलू लागते. लढाईचा हिशेब मागितला की माणूस पक्षाची भाषा बोलतो, आणि भाकरीबद्दल विचारलं की स्वतःची. विद्यार्थ्यांच्या पटांची खरी ताकद मला इथं दिसते. दहा मिनिटांत अख्खं युद्ध मावत नाही, पण एका घराचं मावतं. आणि ते विद्यापीठाच्या वर्गात दाखवलं जातं, तेव्हा समोर दुसऱ्या बाजूच्या घरातलं पोर बसलेलं असतं.

या रस्त्यानं कुठवर जाता येतं, हे एलियान राहेब यांच्या ‘स्लीपलेस नाइट्स’ या 2012 च्या माहितीपटात दिसतं. त्या सेंट जोसेफच्याच विद्यार्थिनी, पुढं तिथं शिकवूही लागल्या. पटात दोन माणसं आहेत. असाद शफ्तारी हे ख्रिस्ती मिलिशियाच्या गुप्तहेर विभागातले बडे अधिकारी, ज्यांनी 2000 साली वर्तमानपत्रातून जाहीर माफी मागितली. आणि मरियम सईदी, जिचा कम्युनिस्ट पक्षाकडून लढणारा कोवळा मुलगा जून 1982 मध्ये बैरूतजवळच्या हदथ इथल्या विज्ञान महाविद्यालयाच्या लढाईनंतर परतलाच नाही. माफी मागणारा बोलत राहतो, पण मुलगा कुठं पुरलाय याचं उत्तर त्याच्याकडून मिळत नाही, आणि आई माफीला हातही लावत नाही. दोघांना एका चौकटीत आणून जबरदस्तीनं समेट घडवण्याचा मोह दिग्दर्शिकेनं टाळला. विद्यार्थ्यांनी यातून शिकण्यासारखं सर्वांत मोठं तेच आहे.

धोके खरे आहेत. 1947 च्या कायद्यानुसार चित्रपटांची तपासणी ‘जनरल सिक्युरिटी’ या सुरक्षा यंत्रणेकडे आहे. दिगॉल ईद यांचा ‘शू सार?’ हा पट घ्या. लहानपणी आपल्या कुटुंबाची कत्तल झाली त्या गावात ते परत जातात आणि मारेकऱ्यासमोर उभे राहतात. 2010 मध्ये त्याच्या प्रदर्शनाला लेबनॉनमध्ये बंदी घातली गेली. ‘उमम’चे संस्थापक लुकमान स्लीम यांनी दक्षिण बैरूतमधल्या आपल्या घरी युद्धाची कात्रणं, भित्तिपत्रकं, चित्रफिती जमवल्या. 2006 च्या इस्रायली बॉम्बवर्षावात त्यातलं काही नष्ट झालं, तरी काम थांबलं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये गोळ्या घालून त्यांना ठार करण्यात आलं.

बेपत्तांच्या कुटुंबांची समिती वदाद हलवानी यांनी 1982 मध्येच उभी केली होती. नवऱ्याला उचलून नेल्यावर त्यांनी आपल्यासारख्या इतर बायकांना रेडिओवरून हाक दिली आणि शेकडो जणी जमल्या. त्यांच्या चिकाटीला कायद्याचं रूप यायला 2018 साल उजाडलं. बेपत्तांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद त्या वर्षी झाली. तोवर कित्येक आया गेल्या. 1975 मध्ये विशीत बंदूक उचललेला पोरगा आज सत्तरीत आहे, म्हणजे सांगणारेच संपत चालले आहेत. बैरूतच्या संस्थांनी आपापल्या कपाटांत पडलेले विद्यार्थ्यांचे हे पट गोळा करून, ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांची परवानगी घेऊन, सगळ्या पंथांच्या शाळांना द्यावेत असं मला मनापासून वाटतं. पाठ्यपुस्तकावर एकमत होईल तेव्हा होईल, त्याची वाट बघत थांबण्याइतका वेळ आता उरलेला नाही.