कुरूप (कदर) आणि त्यावरचं अग्निकर्म

पायाच्या तळव्याला किंवा बोटांवर होणारी कडक, टोचणारी गाठ म्हणजे कुरूप, काही भागात याला भोवरी पण म्हणतात. आयुर्वेदात याचं नाव कदर. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायात जे ४४ क्षुद्ररोग (किरकोळ रोग) सांगितलेत त्यात हा येतो. पायाला खडे रुतले किंवा काटा लागला की खिळ्यासारखी कठीण, बोराएवढी, दुखरी गाठ होते असं वर्णन आहे. आता खड्यांची जागा घट्ट बुटांनी घेतलीय इतकंच. एकाच जागी सारखा दाब आणि घर्षण झालं की तिथली कातडी जाड होते आणि तिचा कडक सुळका आत रुततो, म्हणून पाऊल टाकलं की जीव जातो. लोक म्हणतात कुरुपाला मूळ असतं आणि ते उपटलं की संपलं, पण ते मूळ वगैरे काही नाही, मेलेल्या कातडीचंच टोक असतं ते.

सुश्रुताचा उपाय थेट आहे, कापून काढा आणि गरम तेला-तुपाने डागा. आजचे वैद्य बहुतेक अग्निकर्म करतात, म्हणजे आधी पाय कोमट पाण्यात भिजवून वरची जाड कातडी ब्लेडने तासायची, मग पंचधातूची शलाका (सळई) लालबुंद तापवून कुरुपाच्या मधोमध टेकवायची आणि लगेच कोरफडीचा गर लावायचा. ग्रंथात नंतर मध आणि तूप लावायला सांगितलंय. ऐकून घाम फुटतो पण चटका क्षणभराचाच असतो, कारण वरचा थर मेलेलाच असतो, खोल गेलं तर मात्र चांगलंच भाजतं. पित्त प्रकृतीच्या माणसाला, लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि भित्र्यांना (हो, ग्रंथात भीरु असाच शब्द आहे) डाग देऊ नये, आणि शरद व ग्रीष्म ऋतूत पण शक्यतो टाळावं.

अग्नीने डागलेला रोग परत उद्भवत नाही असं सुश्रुत म्हणतो, पण चप्पल तीच ठेवली तर कुरूप त्याच जागी परत येतं, तेव्हा दोष डागण्याला देऊन उपयोग नाही.

घरगुती उपायांमध्ये बिब्बा आणि रुईचा चीक फार चालतात. दोन्ही जहाल, आजूबाजूची चांगली कातडी पण भाजते, बिब्ब्याची तर काहींना अंगभर ॲलर्जी उठते आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यालाच इजा. त्यापेक्षा रात्री एरंडेल चोळून मोजे घालून झोपावं, सावकाश मऊ पडतं.

मुळात ते कुरूपच आहे ना हे बघावं, कारण तळपायाचा चामखीळ अगदी तसाच दिसतो. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जास्त दुखलं, आत काळे ठिपके दिसले तर बहुधा चामखीळ, तो व्हायरसमुळे होतो आणि पसरतो. डायबिटीस असेल, पाय बधिर असतील तर ब्लेड, बिब्बा, डाग यातलं काहीच घरी करायचं नाही, जखम कळतच नाही आणि चिघळते.